धामणीच्या तोंडातला नवा जिवाणू

सापांच्या रोगांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला एक तरी नवा जिवाणू आपल्या हातून सापडावा असं वाटतं. मी तर नावही ठरवून ठेवलं होतं, आईचं. आईला हे अजून माहीत नाही, ते बरंच आहे.

तुमसरच्या एका राईस मिलमध्ये माझ्या सर्पमित्र दोस्तानं धामण पकडली. तिचा जबडा सुजलेला, तोंडात पिवळट चट्टे. मी कापसाच्या काडीनं नमुने घेतले आणि तिनं जाता जाता दोस्ताच्या अंगठ्याचा नमुना घेतला. धामण बिनविषारी, म्हणून आम्ही हसलो. नळ्यांना कापसाची बुचं लावली, पडताळ्यासाठी एक नळी कोरी ठेवली आणि मोटारसायकलवर फुटू नयेत म्हणून डब्यात धानाची तणस, म्हणजे भाताचा वाळका पेंढा, कोंबली. आमच्याकडे आंबे, अंडी, सारं तणसीतच प्रवास करतं.

प्रयोगशाळेत नमुने बश्यांमध्ये वाढायला ठेवले. तिसऱ्या दिवशी धामणीच्या सगळ्या बश्यांत सुरकुतलेली पांढरी वाढ! ओळखीच्या एकाही रोगजंतूशी जुळेना. मी लगेच दोस्ताला फोन लावला.

"भाऊ, नवा जिवाणू सापडला!"

"वा! कुठं?"

"तुले चावली ना, तिच्याच तोंडात."

त्याचा बारीक आवाज आला, "मंग माह्यं काय?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. अंगठा सुजला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण नव्या जंतूचं औषध त्यांना तरी काय ठाऊक! संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, वेगळ्या ताटात जेवून राहिले हे. पोरीले जवळ येऊ देत नाहीत. काय झालं ते सांगा ना!"

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या आमच्या मॅडमनी विचारलं, "कोऱ्या नळीत काय उगवलं?"

कोरीत काय उगवणार, म्हणून मी तिची बशी उघडून पाहिलीच नव्हती. पाहिली, तर तिथंही त्याच सुरकुत्या. मॅडमनी डब्यातली तणस चिमटीत धरून माझ्याकडे नुसतं पाहिलं. माझा नवा जिवाणू म्हणजे तणसीत, मातीत पूर्वापार राहणारा गरीब रहिवासी.

उपचारासाठी ठेवून घेतलेल्या धामणीचे नमुने पुन्हा घेतले, या वेळी तणसीविना. निघाला नेहमीचाच जंतू, डॉक्टरांच्या त्याच गोळ्यांना दबणारा. लगेच दोस्ताला फोन केला.

"म्हणजे इतके दिवस मी तणसीच्या भेवानं वेगळा जेवलो?"

"हो."

त्यानं दिलेली शिवी इथं लिहीत नाही. फोन मात्र बंद करायला तो विसरला. "ये वं माय, इकडं ये," तो पोरीला हाक मारत होता. मी कान लावून ऐकत बसलो.