गस्तीच्या बोटीचं एक पान

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी एका लढाईतल्या बोटीचा इतिहास मी लिहिला आहे आणि तो छापलेला आहे.

आमचे हे नेव्हीत होते. लढाईच्या वेळी एका गस्तीच्या बोटीवर इंजिन सांभाळायचे. बोट लहान. तिला नावसुद्धा नव्हतं, नुसता नंबर. नोकरी संपल्यावर हे नाशिकला परत आले आणि आम्ही मळ्यात झेंडू आणि शेवंती लावली.

ही गोष्ट नव्वदच्या पुढची. नाशिक रोडला माजी सैनिकांचं एक मंडळ होतं. त्यांनी पुस्तक काढायचं ठरवलं. ज्याने त्याने आपल्या पलटणीचं किंवा जहाजाचं एक पान द्यायचं. मंडळाचे चिटणीस घरी आले, चहा प्यायले आणि यांना म्हणाले, "तुमचं राहू द्या. नुसत्या नंबरच्या बोटीवर काय लिहिणार?"

त्या रात्री जेवताना हे अर्धी भाकरी ताटात टाकून उठले. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस भाकरी टाकून उठलेला मी पाहिला नव्हता. मी म्हटलं, पान द्यायचं.

यांचा हात थरथरायचा, म्हणून लिहायला मी बसले. पहिल्याच दुपारी हे सांगायला लागले, "शत्रूची विमानं आली. आमच्या बोटीने तोफ डागली. एक विमान धूर सोडत समुद्रात..."

"तुम्ही पाहिलंत?"

"सगळे सांगतात तसं."

"तुम्ही कुठे होतात?"

"खाली. इंजिनाजवळ."

"तिथून आभाळ दिसतं?"

"नाय."

"मग खालचं सांगा."

हे चिडले. "खालचं कोण वाचणार? बाकीच्यांच्या पानांत रणगाडे आहेत."

मी वही मिटली. "खोटं लिहायचं तर दुसऱ्या कुणाला बसवा. माझं अक्षर मिळणार नाही."

दोन दिवस वही मिटलेलीच राहिली. तिसऱ्या दिवशी शेवंतीला पाणी देताना हे आपणहून सांगायला लागले. मी हात पुसून वही आणली.

बोट आधी बंदरात सामान वाहायची. लढाई लागल्यावर तिला राखाडी रंग दिला, पुढे एक लहान तोफ बसवली आणि बंदराच्या तोंडाशी पाठवलं. काम एकच. मासेमारीहून परतणारी प्रत्येक होडी अडवायची, तपासायची आणि आत सोडायची. यांनी त्यातली एकही होडी पाहिली नाही. वरून घंटा वाजे आणि तबकडीवरचा काटा फिरे. त्यावर हुकूम येत: पुढे, सावकाश, थांबा. थांबा म्हणजे होडी आली. पुढे म्हणजे होडी गेली. दिवसभर तेच. खाली उकाडा असा की बनियन पिळून परत घालायची.

एकदा दुपारी शत्रूची विमानं येत असल्याचा भोंगा झाला. लगेच घंटा वाजली, पूर्ण वेग. यांना वाटलं, आत पळायचं असेल. पण बोट जास्तच हलायला लागली, म्हणजे बाहेर निघाली होती. मग थांबा. मग सावकाश, आणि इंजिन दबलं.

"बोट जड झाली," हे म्हणाले. "मागे काहीतरी बांधलं होतं."

इंजिन तापलं. यांनी आणि जोडीदाराने ओली फडकी टाकून पंप थंड ठेवला. थांबायची घंटा येत नव्हती, म्हणजे ओढत राहायचं. लाटा कमी झाल्या तेव्हा कळलं, बंदरात आलो. हे वर आले तोवर मागची होडी सोडून दिलेली होती. डेकवर एक पाटी बांगडे होते. ती बंद पडलेली होडी ज्या कोळ्यांची, ते ठेवून गेले होते.

यांनी डोळ्यांनी पाहिलेली लढाई एवढीच, एक पाटी मासे. मी तेच लिहिलं.

पुढे बोट दीपगृहाला पाणी आणि भाजी पोचवायची, मग भंगारात गेली. तिची एकही वस्तू आमच्या घरात नाही. आणली असती तर कुठे ठेवायची हे मीच विचारलं असतं.

चिटणीसांनी पान वाचलं. "वहिनी, यात गोळीबार कुठे आहे?"

"झाला नाही."

"एखादं वाक्य वाढवू. कोण येतंय तपासायला?"

"मी येणार ना."

ते हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

पुढच्या आठवड्यात बाजारात फुलं देऊन मी तशीच छापखान्यात गेले. कंप्युटरवर बसणाऱ्या बाईंनी यांचं पान काढून दाखवलं. शेवटी ओळ होती, बोटीने शत्रूच्या विमानांची दाणादाण उडवली.

"ही काढा," मी म्हटलं.

"मावशी, चिटणीसांना विचारावं लागेल."

"विचारा. मी बसते."

दारातच रिकामी पाटी ठेवून बसले. आत-बाहेर करणाऱ्यांना अडचण होत होती, ती होऊ दिली. दुपारी चिटणीस आले. "अहो वहिनी, तुमच्याच नवऱ्याचा मान वाढतोय."

"हे वाचतील तेव्हा परत भाकरी टाकून उठतील. काढा."

माझ्यासमोर काढली. मगच मी उठले.

पुस्तक आलं तेव्हा मंडळाने लहानसा कार्यक्रम ठेवला. यांचं पान सगळ्यांत आखूड, खाली बरीच जागा कोरी. हे भिंग धरून वाचत होते. मध्येच थांबले.

"सुरमई?"

चिटणीसांनी बांगड्यांची सुरमई केली होती. सुरमई भारी मासा, म्हणून. मी छापखान्यात ती एक ओळ काढायला बसले आणि मासे तपासले नाहीत. ती चूक माझी.

"राहू दे," हे म्हणाले. "मासा तो मासा."

"पाटीत काय होतं?"

"बांगडे."

मी पेन मागून घेतला आणि वाटायच्या गठ्ठ्यापाशी बसले. एकेका प्रतीत सुरमई खोडून वर बांगडे लिहायला लागले. चिटणीस म्हणाले, नवी पुस्तकं खराब होतील. मी पुढची प्रत ओढली. थोड्या वेळाने हे शेजारी येऊन बसले आणि पान काढून धरायला लागले. हात थरथरत होता, पण पान धरायला तेवढा पुरतो.

कार्यक्रमाच्या प्रमुख पाहुण्यांना आधीच दिलेली प्रत तेवढी राहिली. ते लवकर निघून गेले. त्यांच्या घरी अजून सुरमईच असणार.