टबातला साप

आखातातल्या रिफा शहरात प्राण्यांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला आहे. एका दुपारी एक मराठी गृहस्थ प्लास्टिकचा टब घेऊन आले. तो त्यांनी माझ्या टेबलावर आदळला आणि गाडीची किल्ली बोटावर फिरवत उभे राहिले. टबात त्यांनी पाळलेला साप होता, पोट भाजलेला.

“एसीत गारठतो हो. म्हणून टबाच्या पूर्ण तळाखाली हीटिंग मॅट घातली. सगळीकडे सारखी ऊब!”

“मॅट जास्त तापली की बंद करणारा थर्मोस्टॅट नाही लावला?” मी विचारलं.

“त्याची वायर हॉलमध्ये फार घाण दिसते.”

मॅट टबाच्या एकाच बाजूला हवी, म्हणजे तापलं की सापाला गार बाजूला सरकता येतं, असं डॉक्टरांनी समजावलं. साहेब तोवर मला मोबाइलवर फोटो दाखवत होते. साप गळ्यात, चेहरा कॅमेऱ्याकडे.

“पण भाजत होतं, तर यानं काहीच केलं कसं नाही?” ते सापावरच वैतागले.

मी म्हटलं, “काय करणार होता? झाकण तुम्हीच लावलं होतं ना?”

ते हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं.

सापाला आम्ही ठेवून घेतलं. निघताना त्यांनी दारातून विचारलं, “डाग नाही ना राहणार? फोटोत दिसेल.”

“राहणार,” मी म्हणाले. कुणाला वाईट बातमी देताना मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.