हॉलिस क्राउचची न जुळणारी पिस्तुलं

हॉलिस क्राउच दर गुरुवारी दुपारी माझ्या दुकानात यायचा. चर्चमधली एक बाई तेवढा वेळ त्याच्या बायकोजवळ बसायची. आमच्या कॅन्ससमधल्या गावात बंदुकांचं दुकान एकच, तेही नवरा गेल्यापासून मीच चालवते. हॉलिसचा सारा जन्म रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून गेला. निवृत्त झाल्यावर त्यानं जुन्या घडणीचं पॉइंट पंचेचाळीस कॅलिबरचं पिस्तूल स्वतः बांधायला घेतलं. मुठीसकट खालचा सांगाडा, म्हणजे फ्रेम, एका कारखान्याची. तिच्यावर मागेपुढे सरकणारी स्लाइड दुसऱ्याची. दोन घरचे दोन तुकडे पहिल्याच दिवशी गुण्यागोविंदानं थोडेच नांदतात? कानस मारा, पेस्ट लावून घासा, मग कुठं ते सरकायला लागतात.

आमच्याकडे कायद्यानं फ्रेम म्हणजेच पिस्तूल. ती माझ्या काउंटरवरून, घेणाऱ्याची सरकारी तपासणी होऊनच न्यावी लागते. स्लाइडला कुणी विचारत नाही, ती टपालानं सरळ घरी मागवता येते. पण हॉलिस तीही माझ्याकडूनच घ्यायचा. म्हणायचा, तेवढंच दोन माणसांशी बोलणं होतं.

तो एकामागून एक फ्रेमा नेत होता, स्लाइडी नेत होता. नळी मात्र त्यानं कधी मागितली नाही. घोडा नाही, स्प्रिंग नाही.

"हॉलिस, पिस्तूल बांधतोयस की अनाथाश्रम काढलायस?" मी एकदा विचारलं.

"या खेपेची जोडी नाही जमली."

"तुझी? अख्खी इंजिनं जमवलीस की रे तू!"

"तू माल मागव ना, मर्ना. आणि हे बघ, घट्ट बसणारी दे. जितकी घट्ट तितकी बरी."

त्या जानेवारीत रस्त्यांवर बर्फाची काच झाली. चर्चवाली बाई येईना, त्यामुळे हॉलिसला घराबाहेर पडता येईना. त्याची स्लाइड माझ्याकडे येऊन पडली होती. मी ती ट्रकमध्ये टाकली आणि त्याच्या घरी गेले.

दार उघडायलाच त्याला बराच वेळ लागला. आतून वरच्या चौकटीला एक कडी, खाली एक, मध्ये कुलूप. मी आत पाऊल टाकलं न टाकलं तोच त्यानं सगळं पुन्हा लावून घेतलं.

स्वयंपाकघरात खिडकीशी आर्डिथ बसली होती, त्याची बायको. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण नजरेत ओळख नव्हती. हातात एक फ्रेम, तिच्यावर स्लाइड. ती स्लाइड पुढे ढकलत होती, मागे ओढत होती, डोळे मिटून.

"इथं धरतंय," ती म्हणाली. "डावीकडे."

हॉलिसनं ती जोडी घेतली, डाव्या कडेला कानशीचा एक हलका हात मारला, पुसून परत दिली. आर्डिथ पुन्हा सरकवायला लागली.

"बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस होती ना," तो हळूच म्हणाला. "मला कधी भाऊ समजते, कधी शेजारी. पण हात विसरले नाहीत. जोडी घट्ट असली की बसते बिचारी. मोकळी झाली की उठते आणि दाराशी जाते. एकदा नाइटगाऊनवर रेल्वेच्या रुळांवर सापडली."

"म्हणून नवीन नवीन मागवतोस होय रे!"

"मग काय करू? गावाची वेस ओलांडल्याला किती दिवस झाले ते आठवत नाही. ही कुलपं मी तिला लावलीत का मला, कधी कधी तेच कळत नाही."

मी कॉफी प्यायले आणि निघाले. माझ्यामागे कड्या लागल्याचे आवाज आले.

मार्चमध्ये घात झाला. नव्या पोस्टमननं खिडकीतून पाहिलं, म्हातारीच्या हातात पिस्तूल! त्यानं शेरीफला फोन केला. शेरीफचा माणूस समजूतदार होता. नळी नाही, घोडा नाही, उडणार काय, हे त्याला दिसलं. पण टल्सा शहरात राहणाऱ्या त्यांच्या मुलीला, जॅनेलला, त्यानं कळवलं. ती गाडी हाकत आली आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्या फ्रेमांचा खोका माझ्या काउंटरवर आदळला. मागे हॉलिस मान खाली घालून उभा.

"हे तुमच्या तिजोरीत ठेवा. बाबांचं डोकं फिरलंय."

"जॅनेल, आधी माझं ऐक..."

"तुम्ही विकलंत म्हणून त्यांनी घेतलं!"

हॉलिसनं हार मानली नाही. पोलादाच्या पट्टीवर फ्रेमसारख्याच कडा कोरल्या, त्यावर स्लाइड चढवली. मूठ नाही, काही नाही. कुणी पिस्तूल म्हणणार नाही असं. आर्डिथनं ते हातात घेतलं, एकदा सरकवलं.

"कचरा," म्हणाली. बाजूला ठेवलं आणि दाराशी गेली.

जॅनेल आठवडाभर राहिली. मग एका सकाळी दुकान उघडायच्या आधीच माझ्या पायरीवर बसलेली दिसली. केस विंचरलेले नव्हते.

"आई दार ओरबाडते," ती म्हणाली. "नखांतून रक्त येतं. मला म्हणाली, बाईसाहेब, मी काय गुन्हा केलाय? मला घरी जाऊ द्या." ती रडायला लागली. "बाबांना पाठवते. द्या त्यांना ते परत."

हॉलिस आला, तपासणी झाली, खोका घेऊन गेला. एकच गोष्ट बदलली. पुन्हा कुणी पाहू नये म्हणून जॅनेलनं खिडकीला जाड पडदा शिवला. त्या खिडकीतून गव्हाची शेतं दिसायची. आता भरदुपारी तिथं दिवा जळतो.

शरदात जॅनेल पुन्हा आली आणि बापाला म्हणाली, "दोन दिवस मी आहे. तुम्ही तळ्यावर जा, मासे धरा. जाच." गळ, तंबू, सगळं तिनंच ट्रकमध्ये भरलं.

हॉलिस निघाला तो माझ्या दुकानापर्यंत आला. ट्रकमध्ये बसून राहिला. शेवटी मीच बाहेर गेले.

"जा की रे! तळं काय तुझ्याकडे चालत येणार आहे?"

"जातो," तो म्हणाला. गाडी चालूच होती. "आज सकाळी उजवी कड धरत होती. जॅनेलला कानस येत नाही."

"एक दिवस नाही घासली तर काय बिघडेल?"

तो महामार्गाकडे बराच वेळ बघत राहिला, जणू तिथं कुणी फाटक लावलंय. मग उतरला, आत आला आणि काउंटरवरच्या स्लाइडी एकेक उचलून बघायला लागला. एक निवडली. ट्रक वळवला आणि घराच्या रस्त्याला लागला.