पंधरा यार्डांची शिक्षा

पाच गुण लागले लायमन हॅस्किन्सच्या नावावर, पण मैदानाच्या शेवटच्या रेषेपलीकडे त्याला ओढून नेलं मी. लांबट चेंडू छातीशी धरून पळायचा आमचा फुटबॉल. त्या काळी चेंडूवाल्या गड्याला सोबत्यांनी ओढलेलं चालायचं. त्यासाठी त्याच्या विजारीला चामड्याच्या मुठी शिवल्या होत्या, त्याही मीच. आमचं खोगिरांचं दुकान होतं. कॉलेजने सामना जिंकला, मिरवणुकीत खांद्यावर मात्र तो. तेव्हापासून मी त्याच्यावर जळतो, उगाच खोटं कशाला बोलू?

पुढच्या वर्षी तो आमच्याच बेल्डन कॉलेजचा प्रशिक्षक झाला. बारा वर्षं गाव त्याला डोक्यावर घेऊन नाचलं आणि मी खोगिरं शिवत बसलो. शनिवारी पंच म्हणून उभा राहायचो, तेवढाच मैदानाशी संबंध. आमचं पटत नाही हे जगजाहीर, म्हणून समोरच्या संघालाही मी चालायचो.

१९१४ साली कॉलेजच्या अध्यक्षांनी लायमनला बजावलं होतं, मार्लो कॉलेजशी हरलात तर गाशा गुंडाळा. शेवटची दोन मिनिटं. बेल्डन तीन गुणांनी मागे, रेषा चार यार्डांवर. इतक्यात प्रशिक्षकाच्या बाकामागून आवाज आला, "डावीकडून घुसा रे!"

खेळ चालू असताना प्रशिक्षकाने बाहेरून सांगायला बंदी होती. पण ओरडले होते रसायनशास्त्राचे म्हातारे प्राध्यापक. मी डोळ्यांनी पाहिलं. प्रेक्षकाच्या ओरडण्याला शिक्षा नसते. तरी मी शिट्टी फुंकली आणि बोट लायमनकडे दाखवलं.

बेल्डन पंधरा यार्ड मागे गेलं, आणि हरलं. लायमन चकार शब्द बोलला नाही.

सोमवारी त्याला स्टेशनवर गाठलं.

"काय रे, तोंड शिवलं होतं का? तू ओरडला नव्हतास!"

"ते तुलाही ठाऊक होतं."

"मग भांडायचंस ना, गाढवा!"

"भांडलो असतो तर प्राध्यापकांनी कबूल केलं असतं. मग तुला कुणी पुन्हा मैदानात उभं केलं नसतं, ओटिस." त्याने ट्रंक उचलली. "मला दुसरं कॉलेज मिळेल. तुझ्याकडे एवढंच आहे."

त्याला खरंच मिळालं. मला आता मोठमोठ्या सामन्यांना बोलावतात. स्वतःच्या कॉलेजलाही न सोडणारा पंच, असं माझं नाव झालंय. लोक कौतुक करतात, मी मान डोलावतो, आणि आतून लायमनवर पूर्वीपेक्षा जास्त जळतो.