पुढचा दात आणि तोंडावरचा हात

आज सकाळी चंद्रपुरात माझ्या पुढच्या दाताची जुनी टोपी काढली. नवी आठ दिवसांनी बसेल. दवाखान्याबाहेर पडताच हात आपोआप तोंडावर गेला.

ऐंशीच्या दशकात धानोऱ्याजवळ शिक्षिका असताना चारोळीची बी दाताने फोडायला गेले आणि दातच तुटला. लाजेने मी तोंडावर हात धरून शिकवू लागले.

महिन्याभराने एका मुलीची आई म्हणाली, "बाई, माही पोरगी तोंडावर हात ठेवूनच बाराखडी म्हनते. काऊन जी?"

वर्गात नीट पाहिलं, तर अख्खी पहिली तशीच म्हणत होती. त्याच आठवड्यात मी टोपी बसवून घेतली.

आज मात्र हात खाली घेतला. फोटो टाकला आहे, फटीसकट. तुमचं पाहून घरातल्या कोणी असं काही उचललंय का?