आवाज मोजायला साहेब आले तेव्हा

महानगरपालिकेचे एक साहेब पवनचक्कीचा आवाज मोजायला माझ्या घरी आले होते, आणि मी त्यांना माझाच आवाज मोजून दिला. हा मूर्खपणा मी तरुण असताना केला. तरुण म्हणजे अडुसष्टची. आता पंचाहत्तरीला टेकल्यावर मागे पाहते तेव्हा ती बाई मला अगदीच पोरसवदा वाटते. गुडघे धड, केस निम्मे काळे, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी बालंबाल खात्री.

तिची थोडी ओळख करून द्यायला हवी. मुलींच्या शाळेत उभा जन्म शिकवण्यात गेला. शेवटच्या बाकावर डुलक्या काढणारी मुलगी खडू न फेकता जागी करायची, असा आवाज. निवृत्त झाल्यावर बुधवार पेठेतल्या दोन खोल्या सोडून मुलाबरोबर धायरीला राहायला आली आणि वर्ग नाही म्हणून सोसायटीलाच वर्ग समजू लागली.

आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती आक्कांची. आक्का म्हणजे माझ्या डोक्यावर, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई. जिथे आता पार्किंग आहे तिथे त्यांची वांगी असायची. बिल्डरने जमीन घेतली आणि बदल्यात वरचा मजला दिला, सिंहगडाच्या बाजूचा, भरपूर वाऱ्याचा. मला त्या ‘बाई’ म्हणत, कारण त्यांची धाकटी मुलगी एक वर्ष माझ्या वर्गात होती. त्यांचा मुलगा आमच्या सोसायटीचा अध्यक्ष. त्याच्या डोक्यातून पवनचक्कीची कल्पना निघाली. जिन्यातले दिवे, लिफ्ट, पाण्याचा पंप, सगळं वाऱ्यावर.

सभेत त्या कल्पनेच्या बाजूने सर्वांत लांब भाषण कुणी केलं असेल, सांगायला नकोच. स्वच्छ ऊर्जा, पुढच्या पिढ्या, पृथ्वी. शेजारचे आजोबा घड्याळाकडे बघत होते, ते मला त्यांच्या भारावलेपणाचं लक्षण वाटलं.

पवनचक्की आली. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी लोखंडी खांब रोवला, वर तीन पाती. दिसायला देखणी. जत्रेतल्या भिरभिऱ्याची मोठी बहीण. वैशाखात वारा सुटला तशी फिरायला लागली आणि जिन्यातले दिवे उजळले. सगळे खूश होते.

आषाढात आक्का पार्किंगमध्ये झोपायला लागल्या.

दुपारी जेवणं झाली की त्या खाली यायच्या आणि वॉचमनच्या बाजेवर, दोन स्कूटरींच्या मधे, पदर तोंडावर घेऊन पडायच्या. लोकांना ते बरं दिसेना. ग्रुपवर एक निरोप आला: पार्किंग ही सामायिक जागा असून तिचा उपयोग विश्रांतीसाठी करू नये, बाहेरच्या लोकांसमोर सोसायटीचं नाव खराब होतं. ज्यांनी तो पाठवला त्यांची गाडी आक्कांच्या बुजवलेल्या विहिरीवर उभी असते, पण हे त्यांना कोण सांगणार. मी सांगितलं असतं, पण तेव्हा मला नातीने ग्रुपवरून नुकतंच काढलं होतं. माझे निरोप फार लांब असतात, हे कारण.

मी वर गेले. त्यांचा मुलगा कामावर गेला होता. आक्कांनी काही समजावून सांगितलं नाही. मला हाताला धरून आत नेलं आणि त्यांच्या पलंगावर आडवं व्हायला लावलं. उशीला कान लावा म्हणाल्या. कानाला काही विशेष लागलं नाही. मग डोकं नीट टेकवलं आणि तो आवाज मला दाढेत ऐकू आला. पवनचक्कीचा खांब त्यांच्या भिंतीवर होता, भिंतीला पलंग, पलंगात आपण. आक्का म्हणाल्या, “जात्यावानी हाय बगा. पन जातं दळून झालं की थांबतं.”

रात्रीची झोप गेली होती, दिवसा डोकं गरगरायचं, एकदा जिन्यात तोल गेला होता. मुलाला सांगायची तयारी नव्हती. त्याने एवढ्या हौसेने केलेलं, चार लोकांत त्याचं नाव झालेलं. माझ्या नावानं कुटं काय लिवू नका, पोरगं माझंच हाय, एवढंच त्यांनी मला बजावलं. मी छातीवर हात ठेवून वचन दिलं. तुमचं नाव कुठे येणार नाही, मी बघते.

‘मी बघते’ हे त्या अडुसष्टच्या मुलीचं आवडतं वाक्य.

आधी त्यांना पालिकेच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर मुलगी चांगली होती. रक्तदाब वाढला होता, तो तिने लिहिला. झोप लागत नाही, तेही लिहिलं. कशामुळे, ते लिहीना. यंत्रामुळे असेल, वयामुळे असेल, घर बदलल्यामुळे असेल, मला खात्रीने सांगता येणार नाही आजी, म्हणाली. मला तिचा राग आला. आज वाटतं, त्या सगळ्या प्रकरणात ‘मला ठाऊक नाही’ असं सरळ म्हणणारी ती एकटीच होती.

मग क्षेत्रीय कार्यालय. आरोग्य खात्याच्या टेबलावरच्या माणसाने विचारलं, पाणी साचतं का? नाही. कचरा? नाही. डास? नाही. मग आरोग्याचा प्रश्न कुठे आला? मी म्हटलं, माणूस झोपत नाही. तो म्हणाला, झोप न येणं साथीचं नाही. मी माझ्या ठेवणीतल्या स्वरात विचारलं, की समजा डेंगीचा डास त्या पवनचक्कीवर जाऊन बसला, तर कोण येईल?

“डास आमचा,” तो म्हणाला. “पवनचक्की नाही.”

 

तिथून पर्यावरणवाल्यांकडे. त्यांच्याकडे लाउडस्पीकरचा आवाज होता, फटाक्यांचा होता, जनरेटरचा होता, पवनचक्कीचा नव्हता. बांधकामवाले म्हणाले, गच्चीवर खोली काढली असती तर आम्ही आलो असतो, खांबाला आम्ही बांधकाम समजत नाही. वीज कंपनीने मीटरपर्यंतची वायर तपासली आणि ती उत्तम असल्याचं सांगितलं. मी प्रत्येक ठिकाणी थोडं भाषण करून यायची आणि घरी येऊन नातीला सांगायची की आज मी त्यांना चांगलं सुनावलं. ती विचारायची, मग ते काय करणार आहेत? त्यावर मी विषय बदलायची.

दरम्यान सोसायटीत बातमी फुटली की कुणीतरी तक्रार केली आहे. कुणीतरी म्हणजे मी, हे सगळ्यांना आवाजावरून कळलं. मग लोकांनाही त्रास आठवायला लागले. एकीची कोथिंबीर उगवेना. एकाच्या मुलाला गणितात कमी पडले. कबुतरं गेली ती पवनचक्कीमुळेच, असंही एकजण म्हणाले, पण ती गेल्याचं कुणालाच दुःख नव्हतं. सभेत या सगळ्या तक्रारी एकदम निघाल्या आणि आक्कांच्या मुलाने एकेक करून हसण्यावारी नेल्या. आक्का मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या त्रासाबद्दल कुणी बोललंच नाही, कारण तो फक्त मला ठाऊक होता, आणि मी वचनाला जागत होते. खऱ्या त्रासाला तोंड नव्हतं आणि कोथिंबिरीला होतं.

अखेर श्रावण संपता संपता, माझ्या रोजच्या फेऱ्यांना कंटाळून, पर्यावरण विभागाने एक साहेब पाठवायचं कबूल केलं. आवाज तक्रारदाराच्या घरी मोजायचा असा त्यांचा नियम. तक्रारदार मी. सकाळी वर जाऊन आक्कांना सांगितलं की आज दुपारी साहेब येणार आहेत, पण तुम्ही निश्चिंत राहा, तुमच्यापर्यंत काही येऊ देणार नाही. आक्का ‘बरं’ म्हणाल्या. मुलगा आज नारायणगावला जाणार आहे, असंही म्हणाल्या. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

साहेब आले. वारा झकास होता, पाती गरगर फिरत होती. तिपाईवर त्यांनी ते छोटं यंत्र मांडलं, टोकाला काळा बोंडासारखा स्पंज. म्हणाले, आजी, जरा वेळ शांतता. मी म्हटलं हो हो, आणि पोहे टाकायला गेले. फोडणी चरचरली. मग घरात माणूस आलाय आणि आपण गप्प बसायचं, हे मला जमेना. त्यांचं गाव विचारलं. मुलं किती विचारलं. त्यांच्या बायकोच्या मावसबहिणीला मी भूगोल शिकवलेला निघाला, तेव्हा तर विचारूच नका. मधेमधे मी यंत्राकडे बोट दाखवून, येतोय ना आवाज, येतोय ना, असं विचारत होते, आणि यंत्रावरचा आकडा टुणकन वर उडाला की मला कोण आनंद व्हायचा.

साहेब भिडस्त होते. दोनदा पुन्हा सुरुवात केली. शेवटी छताकडे बघून त्यांनी विचारलं, वर कोण राहतं? खांब त्यांच्याच भिंतीवर असेल ना? तिथे मोजू का पाच मिनिटं? नियमात नाही, पण मी नोंद करीन.

मला वाटलं, हीच माझ्या वचनाची परीक्षा. पापणी न हलवता म्हणाले, “वर दुपारचं कुणी नसतं.”

साहेबांनी यंत्र डबीत घातलं, पोहे संपवले, चांगले झाल्याचं सांगितलं. आक्कांचं नाव मी किती सफाईने वाचवलं, या आनंदात मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले.

उत्तर टपालाने आलं. नातीने मोठ्याने वाचून दाखवलं: ‘तपासणीवेळी तक्रारदारांच्या घरात प्रामुख्याने मानवी संभाषणाचा आवाज आढळून आला. पवनचक्कीचा आवाज स्वतंत्रपणे नोंदविता आला नाही. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ वाचता वाचता ती सोफ्यावरून खाली घसरली. आजी, तू ऑफिशियली नॉइज पोल्यूशन आहेस, म्हणाली. मीही हसले. हसण्यासारखंच होतं. मग वरून पलंग सरकवल्याचा आवाज आला. आक्का तो रोज नव्या भिंतीला लावून बघत असत. तेव्हा माझं हसणं थांबलं.

मी परत खेटे घातले. निकाली निघालेली तक्रार त्याच तक्रारदाराकडून, त्याच विषयावर पुन्हा घेता येत नाही, असं कळलं. दुसऱ्या कुणी दिली तर घेऊ, म्हणाले. दुसरं कोण देणार? साहेबांची बदली झाली होती. नंतर दसरा आला, वारा पडला, पाती उभी राहिली आणि थंडीभर आक्का झोपल्या. गालांवर थोडं मांस आलं. मला वाटलं निभावलं. वैशाखात पाती पुन्हा हलली, आणि पहिल्याच आठवड्यात त्या न्हाणीघरात पडल्या. हाड मोडलं नाही, पण मुलगा घाबरला. आई आता थकली, इथे दिवसभर एकटी असते, बहिणीकडे कात्रजला राहू दे, असं त्याने ठरवलं. कशामुळे थकली हे त्याने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. बोलायचं तिथे गप्प, असं माझं वेळापत्रक.

त्या निघाल्या त्या दुपारी मी खाली गेले. मुलगा डिकीत गाठोडी लावत होता. आक्का गाडीच्या मागच्या सीटवर दार उघडं टाकून बसल्या होत्या, पाय बाहेर, जमिनीला टेकलेले. कात्रजला लेकीचं घर तळमजल्यावर आहे, समोर हमरस्ता, रात्रभर ट्रक. त्याचं काही वाटत नाही म्हणाल्या, ट्रक येतो तसा जातो.

मी त्यांच्याजवळ वाकले आणि हळू आवाजात, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच हळू आवाजात, माफी मागितली. म्हटलं, आक्का, त्या दिवशी मी गप्प बसले असते तर यंत्रात काहीतरी आलं असतं. माझ्या बडबडीनं घात केला. पण तुमचं नाव मी येऊ दिलं नाही. साहेबांनी वर जाऊ का विचारलं होतं, मी त्यांना वर पाठवलं नाही.

  मुलगा डिकी लावून पुढे यायच्या आत आक्का न रागावता म्हणाल्या:

“मी दार उगडंच ठिवलं हुतं, बाई. पोराला मुद्दाम नारायणगावला धाडलं. पंखा बंद केला, फ्रिजबी बंद केला, पलंगावरची गादी काडून ठिवली साहेबासाठी. खालनं तुमचा आवाज यीत हुता. मनलं, बोलनं झालं की येतीलच वर.”