वरच्या खोलीतली राजकन्या

एकदा मी एका मुलीला राजकन्या करून टाकलं. तिला न विचारता, जिन्याच्या पायरीवर बसून, लसूण सोलता सोलता. मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण करताना स्वतःचं इतकं कौतुक मला कधी वाटलं नव्हतं. साठी नुकतीच उलटली होती, म्हणजे अक्कल अजून यायची होती.

आमचं घर अग्रहारात, म्हणजे जुन्या ब्राह्मण आळीत. आम्ही मूळचे रंगारी. सासऱ्यांच्या आजोबांनी या गावात कापडं रंगवली, छापली. आता मुलगा टाइल्सचं दुकान चालवतो आणि घरात मराठी उरली आहे ती कानडी मिसळून, 'चहात सक्करे जास्त झाली' इतपत. वरची एक खोली आम्ही भाड्याने देतो, तिचा जिना बाहेरून आहे.

ती मुलगी टांझानियाची, विद्यापीठात शिकायला आलेली. आधी तिने जयलक्ष्मीपुरममध्ये खोल्या पाहिल्या होत्या, तिथून विद्यापीठ जवळ. प्रत्येक दारावर 'भाड्याने देणे आहे'ची पाटी आणि प्रत्येक दारात एकच उत्तर: आत्ताच दिली हो. एका ठिकाणी तर हे सांगणाऱ्या बाईच्या डोक्यावरच पाटी लटकत होती. हे तिने मला हसत सांगितलं आणि मीही हसले. आज आठवलं की माझ्या त्या हसण्याचा मला संताप येतो. तिने हसून सांगितलं कारण रडून सांगितलं असतं तर मी दार लावून घेतलं असतं, हे तिला कळत होतं.

मोठ्या मनाने मी तिला खोली दिली, असं मी बरीच वर्षं सांगत फिरले. खरं कारण एवढंच की मुलगा म्हणाला, "नको आई, गल्लीत बोलतील." मला कोणी नको म्हटलं की माझा हात आपोआप किल्लीकडे जातो. मोठं मन कसं होतं म्हणाल, तर पहिले काही दिवस तिचा टॉवेल गच्चीवरच्या दोरीवर दिसला की मी आमचे कपडे पलीकडे सरकवत होते. का? रंग लागेल म्हणून? आणि आम्ही म्हणे रंगारी!

गल्लीत कोणी तिला शिवी दिली नाही. आमची गल्ली सुसंस्कृत आहे. ती येताना दिसली की दारात बसलेल्या बायका आपापल्या मुलांना आत बोलवायच्या, गोड आवाजात. भाजीवाला तिला शेवटी द्यायचा. ऑटोवाला भाडं ठरवताना आधी तिच्याकडे बघायचा, मग मीटरकडे बघायचाच नाही. आणि नवरात्राच्या आधी समोरचे निवृत्त बँकवाले आणि शेजारची बाई अशी दोघं माझ्याकडे आली. मी जिन्यावर लसूण सोलत होते.

"आम्ही तसले नाही हो, अम्मा," बँकवाले म्हणाले. या वाक्याने सुरू झालेलं बोलणं कुठे जातं ते आता मला पाठ आहे.

"मासे तळते ती," शेजारीण म्हणाली. "वास येतो. आणि ते केस. आणि पोरं घाबरतात, अज्जी."

"पोरं तिच्याशी लगोरी खेळतात," मी म्हणाले.

"सवाल पोरांचा नाही. उद्या कोणाला घर विकायचं झालं तर? भाव पडतो ना, अल्वा?" बँकवाल्यांनी शेवटी खरं दुखणं बाहेर काढलं.

आता इथे शहाण्या बाईने काय म्हणायचं? ती शिकतेय, ती भाडं देते, ती इथे राहणार, या. बस. पण मी शहाणी नव्हते, हुशार होते. इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हळू बोला. तिकडच्या राजघराण्यातली आहे. कोणाला सांगायचं नाही असं ठरलंय."

आमच्या या राजवाड्याच्या गावात राजघराणं असा शब्द काढला की पसरून बसलेला माणूस पाय आवरून घेतो. बँकवाल्यांनी तर चपला नीट केल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून वरच्या खोलीत होळिगे गेली, म्हणजे पुरणपोळी, तूप वेगळं. माशांच्या वासाबद्दल बँकवाले म्हणाले, "काहीतरी खास मसाला असणार, आपल्याला त्याची सवय नाही." ज्या कातडीकडे बघून बायका पोरांना आत ओढत होत्या तिच्याबद्दल शेजारीण म्हणाली, "काय तुकतुकीत आहे बघा. शेवटी रक्त ते रक्त." तीच मुलगी, तेच मासे, तेच केस. कोणालाही आपण काल काय बोललो ते आठवत नव्हतं. आणि मी रात्रंदिवस खूश! रंग कसा पक्का बसला म्हणून स्वतःच्या पाठीवर थाप मारत होते. सगळे तिला 'राजकुमारी' म्हणायला लागले. ती त्यांच्याकडे बघून हसायची, नमस्कार करायची. तिला यातलं काही माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही, कारण मजा येत होती.

नवरात्रात शेजारणीने गोंबे मांडले, पायऱ्यांवर बाहुल्या, आमच्याकडे सगळ्यांच्याच घरी मांडतात. त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून तिला बसवलं. बायका आल्या, फोटो काढले, एकीने तर तिच्या केसांना हात लावून बघितला, विचारलंही नाही. मी समोर उसळ खात बसले होते आणि मला एकदम माझं लग्नानंतरचं पहिलं नवरात्र आठवलं. सासूबाईंनी मला असंच बाहुल्यांच्या शेजारी बसवलं होतं. माझी थोरली जाऊ आत उसळीला फोडणी देत होती. ती काळी, मी गोरी. बाहेर आलेल्या प्रत्येक बाईपुढे मी गाणं म्हणायचे आणि मला वाटायचं, माझा आवाज गोड म्हणून मला बाहेर बसवलंय. माझा आवाज! दूधवाला ऐकून सायकल जोरात मारायचा. आणि मी बावळट सून, आत जाऊन जावेला म्हणाले, "तुम्ही पण या ना बाहेर, तुम्हाला लाज का वाटते?" तिने माझ्याकडे बघितलं आणि खोबरं किसायला घेतलं. ती गेली. जिवंत असताना तिच्या त्या बघण्याचा अर्थ मला कळला नाही, मासे तळणाऱ्या एका परक्या मुलीला खुर्चीवर बसवलेलं बघितल्यावर कळला. तरी मी उसळ संपवली.

संक्रांत झाली, एळ्ळु-बेल्लाची, म्हणजे तिळगुळाची, पुडीही तिला सगळ्यांनी दिली. मग एका सकाळी फाटकाशी बँकवाल्यांनी तिला अदबीने विचारलं, "तुमचे वडील राजवाड्यातच राहतात का?" ती हसत सुटली. म्हणाली, "माझे वडील बस चालवतात." आणि वर सांगितलं की त्यांच्या देशात राजा नाही, राष्ट्राध्यक्ष आहेत.

संध्याकाळी दोघं आमच्या बैठकीत. या वेळी मुलगाही घरी होता.

"फसवणूक झाली, अम्मा," बँकवाले म्हणाले. "आम्ही तसले नाही, पण फसवणूक ती फसवणूक."

"खोटं मी बोलले. तिने काय केलं?"

"माझ्या घरी देवाजवळ खुर्चीवर बसली ती," शेजारीण म्हणाली. "बस ड्रायव्हरची पोर!"

"तुमचे सासरे टांगा हाकायचे. तुम्ही बसता की खुर्चीवर."

"आई, सुम्ने, उगाच कशाला भांडण," मुलगा मध्ये पडला. "महिनाअखेर दुसरीकडे बघ म्हणून सांगू तिला. संपलं."

काय संपलं? तिची शेवटची परीक्षा उन्हाळ्यात होती. परदेशी विद्यार्थ्याला राहण्याचा पत्ता सरकारदरबारी दाखवावा लागतो. खोली नाही तर पत्ता नाही, आणि वर्षाच्या मध्यात तिला खोली देणार कोण? ती डोक्यावर पाटी लटकणारी बाई? दोन वर्षं शिकून, बस चालवणाऱ्या बापाचा पैसा घालून, पदवीशिवाय घरी जायचं, कारण काय तर ती राजाची मुलगी निघाली नाही. माझं डोकं फिरलं.

"मासे वास मारतात ना?" मी म्हणाले. "या घरात दर रविवारी मटण शिजतं. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीपासून. खिडक्या लावून शिजवतो आम्ही, पण वास काय खिडकी विचारून जातो? तुम्हाला माहीत आहे. तुमच्या वडिलांनाही माहीत होतं. इतक्या वर्षांत कधी आलात का असे जोडीने?"

दोघंही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले.

"तुमची गोष्ट वेगळी, अम्मा," बँकवाले हळूच म्हणाले. "तुम्ही आपल्यातल्या."

"कधीपासून? घरात दुसरी भाषा बोलतो, मटण खातो, रंगाऱ्याचं घर. तुम्ही अग्रहारातले ब्राह्मण, आणि मी तुमच्यातली? मी या रंगाची नसते, रेशमी नेसून बाहुल्यांशेजारी बसले नसते, तर तुम्हाला आमचाही वास आला असता." मग मी माझ्या पद्धतीने सांगितलं, "ती गेली ना, तर पुढच्या रविवारपासून जिन्यात शेगडी मांडते. सगळ्या गल्लीला कळू दे आज चॉप्स आहेत की खिमा."

शेजारणीने पदर नाकाला लावला, जणू आत्ताच शिजत होतं.

बँकवाले उठले. "परीक्षेपर्यंत राहू दे बिचारीला," ते म्हणाले. "आम्ही काही निर्दय नाही. पण पुढच्या वेळी जरा बघून द्या खोली."

बघा, केवढे उदार! खोली माझी, भाडं तिचं, आणि परवानगी यांनी दिली. अजून आठवलं की माझे कान तापतात. आणि मी काय केलं? हात जोडून थँक्स म्हणाले. भांडण जिंकल्यावर माणूस कसा पटकन नम्र होतो.

ती परीक्षा देऊन गेली, पासही झाली. तोवर गल्लीत तिला कोणी राजकुमारी म्हटलं नाही, होळिगेही आली नाही. बायका पोरांना पुन्हा आत बोलवायला लागल्या, गोड आवाजात.

पण त्या संध्याकाळी दोघं गेल्याबरोबर मी धापा टाकत जिना चढून वर गेले होते, विजयाची बातमी घेऊन. तिने आरडाओरडा ऐकला होता, कशाबद्दल ते कळलं नव्हतं. मी तिच्या पलंगावर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं: लसूण, राजघराणं, बँकवाल्यांच्या चपला, टांगा, मटण. नकला करून सांगितलं. मला वाटलं, पोट धरून हसेल. म्हणाले, "आता काळजी नको. परीक्षेपर्यंत कोणी हलवत नाही तुला."

ती पुस्तक मिटून बसून होती. तिने विचारलं, "नवरात्रात मला बोलावलं ते त्यामुळे?"

"हो तर!" मी म्हणाले. अजून हसतच होते.

"आणि संक्रांतीचं?"

तेव्हा कुठे माझं हसू थांबलं. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं, मला ओरडायला येतं. तिने खिडकीतून खाली गल्लीकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली:

"अज्जी, मी घरी फोन करून आईला सांगितलं होतं की इथली माणसं सुरुवातीला घाबरतात, पण एकदा ओळख झाली की फार प्रेम करतात."